बर्क का हरला

मोहियुद्दीन हमदुले यांनी आपल्या कफीलच्या, म्हणजे सौदीत नोकरीवर आणणाऱ्या मालकाच्या, कुत्र्याला विष घातलं होतं, ही बातमी मला मेहनाजने दिली. रियाधमध्ये आमच्या दोघींच्याही मुली त्यांच्याच व्हॅनने शाळेत जायच्या, म्हणून ती आवाज खाली करून बोलत होती.

"साधासुधा कुत्रा नाही हं, चारुता. शर्यतीतला. आणि बायकोनेच पकडून दिलं त्याला. भर मैदानात, सगळ्यांसमोर."

विषाची गोष्ट मला पटली नाही. हा माणूस व्हॅन सुरू करायच्या आधी खाली वाकून चाकामागे मांजर नाही ना ते बघायचा. पण बायकोने पकडून दिलं, हे डोक्यातून जाईना. कारण त्याची बायको आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची आणि दर ईदला माझ्याकडे सांदणांचा डबा पाठवायची. पुढचे काही दिवस मी इराला व्हॅनमध्ये बसवायला स्वतः खाली उतरले. मोहियुद्दीनभाईंच्या ते लक्षात आलं असावं. ते नेहमीपेक्षा लवकर खिडकीची काच वर करू लागले.

शेवटी एका दुपारी डबा परत करायच्या निमित्ताने मी हफीजाभाभींकडे गेले. त्या ओट्यापाशी बांगडे साफ करत होत्या. मी आडून विचारायला सुरुवात केली, तशी त्यांनी सुरी बाजूला ठेवली.

"मेहनाजनं सांगितलं ना? अर्धं खरं हाय. बसा."

जे पुढे लिहिते आहे ते त्यांनी त्या दुपारी आणि नंतर अनेकदा सांगितलेलं. मधल्या काही गोष्टी भाईंनी भर घालून सांगितल्या, त्याही दोघं एकमेकांसमोर बसलेले असताना.

हे दोघं जयगडच्या खाडीकाठच्या सैतवड्याचे. जोडप्याला नोकरीला घेणारं घर मिळालं म्हणून सौदीला आले. भाई ड्रायव्हर, भाभी घरकामाला. घर रियाधमध्ये नव्हतं. दहना वाळवंटाच्या लाल वाळूच्या कडेला एक लहान गाव, एक पेट्रोल पंप, एक मशीद, उंटांच्या चाऱ्याची दुकानं आणि गावाबाहेर नायिफचं मोठं आवार. नायिफ त्यांचा कफील. घरात त्याची म्हातारी आई, उम्म नायिफ. घरकाम करणाऱ्या बायका तिला 'मामा' आणि नायिफला 'बाबा' म्हणत. अरबीत मामा म्हणजे आई, हे कळेपर्यंत भाभींना फार हसू यायचं.

आवाराच्या एका अंगाला जाळीच्या खोल्यांत सलूकी होते. सलूकी म्हणजे अरबांचा शिकारी कुत्रा. पोट पाठीला लागलेलं, पाय काटकुळे, कानांवर रेशमासारखे लांब केस. धावायला लागला की पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी. कोकणातले आपले मुसलमान शाफई पंथाचे. कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. पहिल्या आठवड्यात भाभींच्या हातांची सालं निघायची वेळ आली. उम्म नायिफ मात्र सलूकीला आपल्या गालिच्यावर घेऊन बसायची. भाभी त्याला 'कल्ब', म्हणजे कुत्रा, म्हणाल्या तेव्हा म्हातारी रागावली. "कल्ब उकिरड्यावर असतो. हा हुर आहे, खानदानी."

मग एका मादीने पिल्लं घातली आणि ती दोन दिवसांत गेली. पिल्लंही एकेक करून गेली. एक उरलं, ते म्हातारीने उचलून भाभींच्या ओटीत ठेवलं. भाभींनी त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं. कापडाची वात दुधात बुडवून चोखायला द्यायची, गावी रेडकाला देतात तशी. म्हातारीने त्याचं नाव बर्क ठेवलं. बर्क म्हणजे वीज. रियाधमधल्या नातेवाइकांना हे कळल्यावर भाभींच्या घरचं पाणी कुणी पिईना. एका फुफूने, म्हणजे आत्याने, फोनवर सुनावलं, "कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत." भाभी म्हणाल्या, "मग ते बाहेरच्या खोलीत बसतील."

बर्कला धावायला शिकवलं ते भाईंनी. नायिफने त्यांना ड्रायव्हरकीवरून काढून कुत्र्यांवरच नेमलं. हिवाळ्यात गावाबाहेरच्या सपाटीवर शर्यती व्हायच्या. तेव्हा ट्रॅक वगैरे काही नव्हतं. एका पिकअपच्या मागे दोरीला कातड्याचा तुकडा बांधायचा, पिकअप पळायची, तिच्यामागे सलूकी, आणि दोन्ही बाजूंनी गावातल्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत. धुरळ्यात कोण जिंकलं यावरून भांडणं व्हायची आणि मग त्याच धुरळ्यात बसून सगळे खजूर खायचे. त्या आठवणी सांगताना भाईंचा चेहरा एकदम तरुण होतो. बर्क पहिल्यांदा धावला तेव्हा तो पिकअपच्या पुढे निघून गेला आणि थांबून मागे बघत राहिला, कातडं कुठे राहिलं म्हणून.

पुढे सरकारी मान्यतेच्या शर्यती आल्या. कुंपण घातलेली धावपट्टी, मोटरवर पळणारं आमिष, कुत्र्यांच्या मानेत चिप, डॉक्टर, रक्ततपासणी, टीव्हीचे कॅमेरे. बर्क तिथेही जिंकला. लागोपाठ दोन हिवाळे त्याच्या पुढे कुणी गेलं नाही. गावातल्या भाकरीवाल्याने दुकानावर त्याचा फोटो लावला.

त्यानंतरच नायिफ बदलला.

कुवेतचा एक माणूस पहिल्या हिवाळ्यापासून बर्क विकत मागत होता. नायिफ नाही म्हणत राहिला, आणि नाही म्हणताना त्याला सगळीकडे शत्रू दिसायला लागले. त्याने जाळीवर कॅमेरा बसवला. पाण्याच्या टाकीला कुलूप घातलं. खाणं फक्त भाईंच्या हातून. गावातल्या जुन्या मित्रांनासुद्धा त्याने कुत्र्यांकडे फिरकू दिलं नाही. एक दिवस भाभी कॉफी द्यायला गेल्या, तेव्हा त्याने दार लोटून घेतलं.

"हफीजा, तुझा नवरा बाजारात कुवेतीच्या माणसाबरोबर दिसला."

"कधी?"

"कधी ते सोड. मी त्याला काढू शकतो, पण मला तुमच्या दोघांवर अन्याय करायचा नाही. तू नजर ठेव. तो बर्कला काय देतो ते बघ आणि मला सांग. त्याला यातलं काही कळता कामा नये."

भाभींनी मान हलवली. दुसरं काय करणार? इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या हातात, घर त्याचं. मनात मात्र म्हणाल्या, माझा नवरा असला नाही. पण नजर ठेवायला सांगितलं की नजर आपोआप जाते. आणि गेली की काही ना काही दिसतंच.

भाई फोनवर बोलता बोलता त्या आल्या की गप्प व्हायचे. बर्कला फिरवायला पूर्वी घरासमोरून न्यायचे, आता मागच्या बाजूने, जिथून स्वयंपाकघरातून काही दिसत नाही. एकदा भाभी कपडे वाळत घालायला तिकडे गेल्या, तर भाई कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे. हातात कलेजीचा तुकडा. त्यात त्यांनी बोटाने एक पिवळी गोळी दाबली आणि तो बर्कच्या तोंडात घातला. मग खिशातून पानाची जुनी डबी काढली, आत बघितलं, परत खिशात.

ओले कपडे तसेच घेऊन भाभी परत आल्या.

"तुम्ही विचारलं का नाही भाईंना?" मी मध्येच म्हणाले.

"विचारलं असतं आणि ते खोटं बोलले असते तर?" भाभी म्हणाल्या. "तोवर मनात आशेला एक फट होती. म्हटलं, राहू दे फट."

रोज त्या त्यांच्याकडे बघायच्या आणि हा माणूस कोण आहे असं वाटायचं. जेवताना ते म्हणाले, "आज मीठ जास्त झालं," तरी त्यांना वाटे, ह्यांना काहीतरी कळलंय. भाईसुद्धा त्यांच्याकडे तसंच बघत होते. तेव्हा भाभींना वाटलं, चोराच्या मनात चांदणं. नायिफला त्यांनी काहीच सांगितलं नाही. तो विचारायचा तेव्हा "काही नाही दिसलं" म्हणायच्या, आणि तेही खोटंच होतं.

त्या हिवाळ्याची मोठी शर्यत आली. अख्खं गाव गाड्या घेऊन मैदानावर. उम्म नायिफ गाडीत मागे बसली, शेजारी भाभी. शर्यत असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर लगेच व्हायची होती, पण आमिषाची मोटर बिघडली. दुरुस्त होईपर्यंत सूर्य पार वाळूवर टेकला, मैदानावर लांबलचक सावल्या पडल्या. दारं उघडली आणि बर्क नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी सुटला. लोक ओरडले. अर्ध्या पट्टीपर्यंत तो पुढे होता. मग त्याने एकदम मान वर केली. वेग मंदावला. बाकीचे त्याच्या अंगावरून गेल्यासारखे गेले. तो डावीकडे वळला आणि कुंपणाला जाऊन आदळला. उठला, आणि तिथेच उभा राहिला, कान फिरवत.

"या अल्लाह," म्हातारी पुटपुटली. पण तिला धक्का बसल्यासारखं दिसलं नाही, हे भाभींना नंतर आठवलं.

नायिफ धावत पट्टीवर गेला. भाई आधीच बर्कपाशी होते, त्याच्या खांद्यातून रक्त येत होतं ते डोक्यावरच्या रुमालाने दाबत होते. नायिफने त्यांना बाजूला ढकललं. "काय घातलंस त्याला?" कुवेतचा माणूस उभा, पंच उभे, शर्यतीचा सुदानी डॉक्टर उभा. भाई म्हणत होते, काही नाही, काही नाही. तेवढ्यात नायिफ वळला आणि गाडीपाशी आला. भाभींच्या बाजूचं दार त्याने उघडलं.

"बोल, हफीजा. मी तुला नजर ठेवायला सांगितलं होतं. काय पाहिलंस?"

भाईंनी तिकडून त्यांच्याकडे बघितलं.

"मला वाटलं होतं, मी गप्प राहीन," भाभी मला म्हणाल्या. "पण बर्क तिथं रक्तानं माखलेला उभा होता. मी त्याला वातीनं दूध पाजलेलं. तोंडातून निघून गेलं. म्हटलं, पिवळी गोळी देतात. कलेजीत घालून. डबी खिशात हाय."

कुणीतरी भाईंच्या खिशातून डबी काढली. त्यांनी अडवलं नाही. नायिफ पोलिसांना फोन लावायला निघाला, पण डॉक्टर म्हणाला, थांबा, आधी बघू तर द्या. त्याने एक गोळी घेतली आणि इंजेक्शनच्या सुईने टोचली. पिवळं तेल बोटांवर आलं. त्याने वास घेतला, मग ते बोट पंचांच्या नाकासमोर धरलं. वारा गाडीच्या दिशेने होता. तो वास भाभींनी तिथूनच ओळखला. लहानपणी सैतवड्यात संध्याकाळी नीट न दिसणाऱ्या पोरांना मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजायचे, तोच वास.

"माशाचं तेल," डॉक्टर म्हणाला. "हे कशाला देत होतास?"

भाई खाली बघत म्हणाले, "त्याला अंधुक उजेडात दिसत नाही, साहेब. चार-सहा महिने झाले."

डॉक्टरने तिथेच बर्कच्या डोळ्यांत विजेरीचा उजेड टाकला. बराच वेळ बघितलं. रक्त घेतलं, ते पुढे स्वच्छ निघालं. चिप वाचली, कुत्रा तोच होता. डोळ्यांच्या मागचा पडदाच मरत चालला होता. जन्मतःच रक्तात असलेला रोग. कुणी काही केल्याने झाला नव्हता आणि कुठल्या तेलाने बरा होणारही नव्हता. सलूकी वासावर नाही, नजरेवर धावतो. आमिष दिसेनासं झालं आणि तो थांबला, एवढंच.

कुवेतचा माणूस आपल्या गाडीकडे निघून गेला. नायिफ म्हणाला, "माहीत होतं तर लपवलंस का?" आंधळ्या सलूकीला लोक वाळवंटात सोडून देतात, हे भाईंना त्याच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

परतताना पिकअपमध्ये दोघंच होते, मागे बर्क. पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली भाईंनी गाडी थांबवली.

"तू माझ्यावर पाळत ठेवलीस."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"कसा सांगू? नायिफ बोलला, तुझी बायको कुवेतीच्या माणसाशी फोनवर बोलते. म्हाताऱ्या आईकडून आवारातल्या बातम्या काढते नि बाहेर देते. तिच्यावर लक्ष ठेव, नि तिच्यासमोर कुत्र्याबद्दल काही बोलू नको."

भाभी म्हणाल्या, "मला पण हेच बोलला. तुमच्याबद्दल."

"आणि तू मानलंस?"

"तुम्ही नाय मानलंत?"

मागून दुसऱ्या गाडीने हॉर्न दिला. भाईंनी गाडी पुढे घेतली. हे ऐकताना मला वाटलं होतं, इथे ते दोघं रडले असतील, एकमेकांचा हात धरला असेल. मी तसं म्हणालेही. "छे," भाई म्हणाले. "महिनाभर धड बोललो नाही आम्ही. मला सारखं वाटायचं, भर मैदानात हिच्या तोंडातून निघालंच कसं?" भाभींनी ताटातला भात सारखा केला. "आणि मला वाटायचं, ह्यांनी मला त्या कुवेतीची बाई समजलं."

शर्यतीनंतर दोन-तीन दिवसांनी उम्म नायिफने भाभींना पाय चेपायला बोलावलं. बर्क खांद्याला पट्टी बांधून तिच्या गालिच्यावर झोपला होता. म्हातारीने खजुराचा तुकडा त्याच्या नाकासमोर टाकला. तो हुंगत हुंगत शोधू लागला.

"रमजानमध्येच मी नायिफला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मगरिबच्या वेळी, दिवस मावळताना, मी रोज खजूर टाकायची. हवेत झेलायचा. मग चुकायला लागला. मी म्हटलं, बघ रे, ह्याला दिसत नाही. तो म्हणाला, यम्मा, हे कुणाला बोलू नकोस."

भाभींचे हात थांबले. रमजान शर्यतीच्या कितीतरी आधीचा. म्हणजे नायिफला माहीत होतं. दोन वर्षं नाही म्हणणारा माणूस अलीकडे कुवेतच्या माणसाला घरी जेवायला बोलावत होता, ते कशासाठी हे आता कळलं. ही एक शर्यत जिंकून बर्क विकायचा. आणि हरलाच, रोग उघडा पडलाच, तर लोकांनी विचारलं की दाखवायला कुणीतरी हवं. नवरा पकडला तर बायको साक्षीदार, बायको पकडली तर नवरा.

"हे तुम्ही कशावरून म्हणता?" मी विचारलं. "नुसता संशयी स्वभाव असेल त्याचा."

"मी पण असंच म्हटलं मनाला. म्हणून तर गेले विचारायला."

दुसऱ्या दिवशी नायिफ एकटा बसला होता. भाभींनी कॉफीचा पेला त्याच्या पुढ्यात ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं. बर्कच्या डोळ्यांचं."

नायिफने वर बघितलं. "कोणी सांगितलं तुला?"

खोटं आहे, असं तो म्हणाला नाही. कोणी सांगितलं, एवढंच विचारलं. भाभींना तेवढं पुरलं. म्हातारीचं नाव त्यांनी घेतलं नाही. "मला डोळे आहेत," म्हणाल्या. "आम्हाला दुसऱ्या कफीलकडे जाऊ द्या. आणि बर्कला कुठं सोडू नका. मामाजवळ राहू दे. नाहीतर मी डॉक्टरला जाऊन विचारीन, विकायचा कुत्रा आंधळा आहे हे मालकाला माहीत असलं तर त्याला काय म्हणतात."

"तो उठला असता तर मी पळालेच असते," भाभी म्हणाल्या. तो उठला नाही. त्याने पेला उचलला, कॉफी प्यायला आणि म्हणाला, "यल्ला, जा. मोहियुद्दीनला पाठव." त्याच आठवड्यात बदलीची परवानगी झाली.

रियाधला आल्यावर भाई आधी बत्हाच्या बाजारात एका कुरिअरवाल्याची गाडी चालवायचे, मग शाळेची व्हॅन मिळाली. कोकणी मंडळींत गोष्ट त्यांच्याआधी पोचली होती. सांगणाऱ्याने प्रत्येक वेळी थोडी वाढवली, आणि मेहनाजपर्यंत येता येता माशाच्या तेलाचं विष झालं. भाईंनी ती कधी दुरुस्त केली नाही. का, विचारलं तर म्हणाले, "खुलासा करणाऱ्यावर लोक जास्त संशय घेतात."

बर्क त्या घरात आणखी तीन हिवाळे जगला. हे दोघं वर्षातून एकदा त्याला बघायला जायचे. भाभी आवाराच्या फाटकातून आत शिरल्या की तो आवाजाच्या दिशेने यायचा, वाटेतल्या टाकीला वळसा घालून, कारण टाकी कुठे आहे ते त्याला पाठ झालं होतं. नायिफ त्यांना भेटायचा, हालहवाल विचारायचा. शेवटच्या भेटीत तो भाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "खरं सांग, माझ्या आईनेच सांगितलं ना हफीजाला?" भाई म्हणाले, "मला माहीत नाही." नायिफने मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. म्हातारी तोवर वारली होती, आणि तो अजून तिच्यावर संशय घेत होता.

गेल्या हिवाळ्यात एका दुसऱ्या माणसाने भाईंना बोलावलं. रियाधपासून फार लांब नाही, शेतावर सहा सलूकी, राहायला दोन खोल्या. भाईंना जायचं होतं, ते त्यांच्या बोलण्यात दिसायचं. मी भाभींना म्हणाले, "तुम्हाला परत त्या भानगडीत पडायचंय?"

भाईंसमोरच त्या म्हणाल्या, "जाऊ या की. फक्त एक. कुणीही माझ्याबद्दल काय बोललं, तर त्याच दिवशी घरी येऊन मला सांगायचं. चांगलं असो, वाईट असो."

"आणि तू?"

"मी पण."

इराची व्हॅन आता दुसरा माणूस चालवतो. परवा आम्ही शेतावर गेलो होतो. भाई जाळीत एका पिल्लाचा पाय बघत होते, भाभी बाहेर उभ्या राहून त्यांना पाय चुकीचा धरताय म्हणून सांगत होत्या. जेवताना त्यांनी मला सांगितलं, की नव्या मालकाचा भाऊ त्यांच्याकडे येऊन भाईंबद्दल काहीबाही विचारून गेला होता.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय. तो फाटकाबाहेर जायच्या आधीच ह्यांना हाक मारली," भाभी म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.